गिरणी बंद पडली की पाडली?

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. एखाद्या कृत्याचा कर्ता सांगायचा नसेल तर क्रियापद असे निवडता येते की कर्त्याची कोणाला आठवणही होऊ नये. लहान मुलाच्या हातून कपबशी पडते तेव्हा ते 'कपबशी फुटली' असे म्हणते. 'मी फोडली' असे म्हणत नाही. आई मात्र 'कोणी फोडली?' असेच विचारते. घरातली ही लबाडी आईपुढे टिकत नाही. परंतु वर्तमानपत्र उघडून पाहावे तर पानोपानी हीच वाक्यरचना आढळते. गिरणी बंद पडली. उसाची बिले थकली. ठेवी बुडाल्या. ओढ्याचे पाणी काळे झाले. या सर्व घटना जणू पाऊस पडावा तशा आपोआप घडल्या आहेत! व्याकरणाच्या तासाला अकर्मक आणि प्रयोजक क्रियापदे शिकताना 'पडणे' आणि 'पाडणे' ही जोडी आम्ही पाठ केली होती. त्या एका काना-मात्रेच्या फरकावर न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडे चालतात, हे मला पुढे अवांतर वाचन करताना कळले. त्यांतला एक फार महत्त्वाचा झगडा आपल्या सोलापूरच्याच गिरणीचा आहे आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हा लेख.

मी कायद्याचा विद्यार्थी नाही. विषय मराठी. तेव्हा कायद्याच्या जाणकारांनी शब्दांवर फार अडून बसू नये.

प्रथम कंपनी म्हणजे काय ते पाहू. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती असते. तिला आईबाप नसतात, शरीर नसते, भूक नसते. तरी तिच्या नावे जमीन असू शकते, ती कर्ज काढू शकते, कोणावरही दावा लावू शकते. तिचे भागधारक मेले तरी ती मरत नाही. ही कल्पना आपल्याकडील मंडळींना तितकीशी परकी वाटू नये. देवस्थानाची जमीन देवाच्या नावे असते आणि देव न्यायालयात वादी म्हणून उभा राहू शकतो, हे आपण पाहतोच. फरक एवढाच की देवाकडून कोणी नफ्याची अपेक्षा करीत नाही. (निदान उघडपणे तरी नाही.)

कंपनी ही तिच्या मालकांहून निराळी व्यक्ती आहे हे तत्त्व पक्के झाले ते इंग्लंडात १८९६ साली. अ‍ॅरन सॉलोमन नावाच्या लंडनमधील एका बूट-व्यावसायिकाने आपला धंदा स्वतःच स्थापलेल्या कंपनीला विकला. भागधारक म्हणजे तो स्वतः आणि त्याच्या घरची माणसे. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणू लागले की कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याच्याकडून वसूल करा. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की नाही, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. या तत्त्वाचा फायदा फार मोठा आहे. हजारो माणसे थोडथोडे पैसे घालून मोठा उद्योग उभारतात. तो बुडाला तर घातलेले पैसे जातात, पण अंगावरचे कपडे आणि राहते घर जात नाही. हे संरक्षण नसते तर आगगाड्या आणि कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्याच नसत्या. पण याच संरक्षणाच्या आड उभे राहून 'मी काही केले नाही, कंपनीने केले' असे म्हणण्याचीही सोय झाली. गावातल्या सावकाराने अन्याय केला तर त्याचा वाडा कोणता हे माहीत असते. कंपनीच्या वाड्यावर गेले तर पहारेकरी भेटतो.

आता सोलापूरकडे येऊ. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी. ती १८७७ साली सुरू झाली. हिच्यामुळेच सोलापूर हे गिरणगाव झाले; पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. त्या काळच्या बहुतेक कंपन्यांप्रमाणे हिचाही कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे. मॅनेजिंग एजंट हे प्रकरण आजच्या विद्यार्थ्यांना अपरिचित आहे. भागधारक हे नावाचे मालक, संचालक मंडळ हे नावाचे कारभारी आणि खरी सत्ता करारान्वये नेमलेल्या एका पेढीकडे. पेढीला तिचे कमिशन मिळे. दूर मुंबईत किंवा कलकत्त्यात बसलेल्या भागधारकाला गिरणीच्या आत काय चालले आहे ते वर्षातून एकदा छापील अहवालातून कळे, तेही पेढीला जेवढे कळवावेसे वाटेल तेवढेच.

२७ जुलै १९४९ रोजी या गिरणीच्या संचालकांनी कामगारांना नोटीस दिली की गिरणी बंद होणार. एक महिन्याने, २७ ऑगस्टला, ती खरोखरच बंद झाली. देशाला स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षे झाली होती. कापड ही जीवनावश्यक वस्तू, तिचा तुटवडा होता. आणि इकडे एका शहराचे पोट ज्या गिरणीवर चालते तिचे साचे थांबले. भोंगा वाजला नाही की काय होते हे ज्यांनी पाहिले ती पिढी आता जवळजवळ राहिली नाही. पण गिरणी थांबली की केवळ गिरणीकामगार बेकार होत नाही. खानावळवाली, किराणावाला, चाळीचा भाडेवसुलीवाला, सगळ्यांचीच घडी विसकटते, हे सोलापूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही.

सरकारने काय केले? ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्याच्या सतरा दिवस आधी, गव्हर्नर जनरलने केवळ या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. वटहुकुमाच्या प्रास्ताविकात कारण दिले होते ते असे: गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळे कंपनीच्या कारभारात अशी परिस्थिती निर्माण झाली आहे की तिचा जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर अनिष्ट परिणाम झाला असून समाजातील एका वर्गात गंभीर बेकारी उद्भवली आहे. माझ्या मते या प्रास्ताविकातच सगळे सार आहे. 'गिरणी बंद पडली' असे सरकार म्हणत नाही. गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळे हे झाले, असे म्हणते. म्हणजे कर्त्याकडे बोट दाखविले गेले.

वटहुकुमाने मॅनेजिंग एजंटांना दूर केले, जुन्या संचालकांना दूर केले आणि सरकारने नवे संचालक नेमले. भागधारकांनी सभेत संचालक निवडावयाचे नाहीत, त्यांचा ठराव सरकारच्या मान्यतेशिवाय अमलात यावयाचा नाही, कंपनी गुंडाळण्याचा अर्जही सरकारच्या संमतीशिवाय करावयाचा नाही, अशी बंधने आली. एप्रिल १९५० मध्ये संसदेने वटहुकुमाच्या जागी कायदा केला.

आणि येथून खरा वाद सुरू झाला. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. घटना अगदी ताजी होती, मूलभूत हक्कांची शाई वाळत होती. त्यांचे म्हणणे असे: देशात शेकडो कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीचेच नाव घेऊन कायदा कसा करता? मग कायद्यापुढे सर्व समान या चौदाव्या अनुच्छेदाचे काय? ४ डिसेंबर १९५० रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी, म्हणजे सरन्यायाधीश कानिया, न्या. फझल अली आणि न्या. मुखर्जी यांनी, अर्ज फेटाळला. एकटी कंपनी हाही एक वर्ग ठरू शकतो. कायदा पक्षपाती आहे हे दाखविण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर आहे आणि तो भार अर्जदाराला पेलता आलेला नाही, असे बहुमताचे सांगणे. शिवाय कंपनीची मालमत्ता ही कंपनीची असते, भागधारकाची नव्हे, हे सॉलोमनच्या वेळचे तत्त्वही पुढे आलेच. न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. दास यांना मात्र हे पटले नाही. गैरव्यवस्था हाच निकष असेल तर तशा कंपन्या अन्यत्रही असतील. मग इतर कंपन्यांच्या भागधारकांना जे हक्क आहेत ते या एकाच कंपनीच्या भागधारकांना का नसावेत, असा त्यांचा प्रश्न होता.

मला हा प्रश्न टाकाऊ वाटत नाही. शिक्षा देण्याची घाई झाली की आपण अनेकदा ज्याचा दोष त्याच्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्यालाही झोडपतो. ज्या भागधारकाने गिरणीचे तोंडही पाहिले नव्हते त्याचा मताधिकार गेला. त्याचा अपराध काय? पण याला दुसरी बाजूही आहे. ज्याने इतकी वर्षे लाभांश घेतला आणि कारभार कसा चालला आहे हे एकदाही विचारले नाही, तो पूर्ण निर्दोष कसा? यावर आमच्या वर्गात दोन दिवस वाद झाला आणि मिटला नाही.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण सरकारनियुक्त संचालकांना गिरणी चालविण्यासाठी पैसा हवा होता. अग्रहक्काच्या भागांवर प्रत्येकी पन्नास रुपये भरावयाचे बाकी होते. ते भरा, अशी मागणी संचालकांनी केली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने भरण्यास नकार दिला आणि सांगितले की तुम्हांला नेमणारा कायदाच अवैध आहे, तेव्हा मागणीही अवैध. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात मात्र १८ डिसेंबर १९५३ रोजी जिंकले. न्यायालय म्हणाले की नावापुरती मालकी कंपनीकडे ठेवून प्रत्यक्ष ताबा सरकारने घेतला आहे. याची मुदत ठरलेली नाही, मोबदला दिलेला नाही. तेव्हा मालमत्तेच्या हक्कावर, म्हणजे अनुच्छेद ३१ वर, हे आक्रमण आहे. सोलापूरच्या गिरणीसाठी केलेली सारी तरतूद अशी कोसळली.

या दोन्ही खटल्यांची नावे मी पुन्हा पुन्हा वाचली. एका बाजूला भागधारक, दुसऱ्या बाजूला भारत सरकार किंवा कंपनी. ज्यांच्या बेकारीचे नाव घेऊन वटहुकूम निघाला ते कामगार कोणत्याच बाजूला नाहीत. १९५३ साली न्यायालयापुढे प्रश्न मालमत्तेचा होता आणि कामगाराजवळ तर मालमत्ताच नव्हती! चार वर्षे गिरणीला जाब विचारण्याचा प्रयत्न झाला आणि त्या जाबात सर्वांत जास्त सोसणाऱ्याला बोलण्याची जागाच नव्हती.

संसदेने हार मानली नाही. १९५५ सालच्या चौथ्या घटनादुरुस्तीने असे ठरविले की लोकहितासाठी किंवा योग्य व्यवस्थेसाठी सरकारने एखाद्या मालमत्तेचा कारभार ठराविक मुदतीपुरता हाती घेतला, तर तेवढ्यावरून तो कायदा रद्द होणार नाही. अनुच्छेद ३१-अ मध्ये ही तरतूद आजही आहे. राज्यघटना वाचताना ते कलम किती कोरडे वाटते! त्यामागे जुन्या गिरणीचे बंद दरवाजे उभे आहेत हे कळल्यावर मला ते कोरडे वाटेनासे झाले. दरम्यान १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यात, १९५३ साली कलम १८-अ घालून, गैरव्यवस्था असलेल्या कोणत्याही नियंत्रित उद्योगाचा कारभार हाती घेण्याची सोय झाली. म्हणजे न्या. दास आणि न्या. शास्त्री यांचा आक्षेप एका अर्थी दूर झाला. आता एकीचे नाव घेऊन कायदा करण्याचे कारण उरले नाही. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत तर ३ एप्रिल १९७० पासून कायद्यानेच बंद झाली.

या सगळ्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. जुनी गिरणी तर वाचली नाहीच. पण तिच्यावर जो उपाय घाईघाईने आणि चुकतमाकत करून पाहिला, तोच आज रीतसर मार्ग बनला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की हिशेबातले सात हजार कोटींहून अधिक रुपये खोटे आहेत. दोन दिवसांत कंपनी लॉ बोर्डाने संचालक मंडळ बरखास्त केले, सरकारने नवे संचालक नेमले आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्रने कंपनी घेतली. सुमारे पन्नास हजार नोकरदारांचे काम थांबले नाही. दोषींना २०१५ साली सात वर्षांची शिक्षा झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २४१ आणि २४२ अन्वये आता केंद्र सरकारला अशासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येते. १ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या आयएल अँड एफएस या कंपनीचे संचालक मंडळ याच मार्गाने दूर झाले. सोलापूरला जे वटहुकूम, कायदा आणि दोन खटले यांनी साधले नाही ते येथे काही दिवसांत झाले. कारभारी बदला पण भोंगा थांबवू नका, ही त्यामागची दृष्टी मला योग्य वाटते.

कारण दुसरा मार्ग, म्हणजे कंपनीला दंड करणे, दिसतो तितका सरळ नाही. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड या दोन्ही शिक्षा सक्तीच्या आहेत तेथे कंपनीवर खटलाच चालणार नाही, असा युक्तिवाद आपल्याकडे चक्क केला जात असे. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितले की कैद शक्य नसेल तर निदान दंड करता येईल, खटला मात्र चाललाच पाहिजे. पण दंड म्हणजे काय? भोपाळात डिसेंबर १९८४ मध्ये हजारो माणसे विषारी वायूने मेली. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. फौजदारी खटल्याचा निकाल यायला ७ जून २०१० ही तारीख उजाडली. सात अधिकाऱ्यांना दोन दोन वर्षे आणि भारतीय कंपनीला सुमारे पाच लाख रुपये दंड. पाच लाखांत आज आमच्याकडे बरे घरही बांधून होत नाही.

भोपाळनंतर वर्षभराने दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला, त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांनी एक वेगळा नियम घालून दिला. जो धोकादायक धंदा करून नफा मिळवितो त्याने अपघाताची भरपाई केलीच पाहिजे, 'आम्ही सर्व काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. येथे 'वायू सुटला' आणि 'वायू सोडला' यांतला फरकच न्यायालयाने निकालात काढला. सुटला काय आणि सोडला काय, भरून द्या! उलट दिशेचे पाऊलही पडले आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा बहुतांशी काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला आहे. लहान उद्योजकाला किरकोळ चुकीसाठी तुरुंगाची भीती नको, हे कारण समजू शकते. पण मोठ्या कारखान्याला पंधरा लाख ही शिक्षा की भाडे, हा विचार मनात येतोच.

आता घराजवळचे. होटगी हे आमचे गाव रेल्वेचे जंक्शन आहे. परिसरात सिमेंटचे उत्पादन आहे, फताटेवाडीला एनटीपीसीचे वीजकेंद्र आहे, आणि होटगी रस्त्याने सोलापूरला जाताना विमानतळ व कुमठ्याचा श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना लागतो. या कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची चिमणी विमानांच्या मार्गात अडथळा ठरली. महापालिकेच्या दृष्टीने ती विनापरवाना होती. बरीच वर्षे नोटिसा, न्यायालये, मोर्चे असे सगळे झाले आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. त्या दिवशीचे चित्रण ज्याने पाहिले नाही असा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. कोणाचे बरोबर होते या वादात मी येथे पडत नाही. त्यावर आमच्या पारावर दोन तट आहेत आणि दोन्हींत माझे नातलग आहेत. मला वेगळाच प्रश्न पडला. चिमणी सहकारी कारखान्याची, म्हणजे सभासद शेतकऱ्यांची. ती उभारण्याचा निर्णय कोणाचाही असो, ती पाडल्याचे नुकसान सभासदांच्या खात्यावर पडले. विमानतळ पाहिजे म्हणणाऱ्या शहराचेही काही चुकले नव्हते. हाच तो १९५० सालचा पेच, धोतर-पटक्यात आलेला.

सहकारात हा पेच अधिक अवघड होतो, कारण येथे मालक आपणच असतो. कंपनीविरुद्ध बोलताना 'ते' म्हणता येते. कारखान्याविरुद्ध बोलताना 'आम्ही' म्हणावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० करणाऱ्यांना याची जाण असावी. त्यातील कलम ८३ अन्वये संस्थेची चौकशी होते आणि कलम ८८ अन्वये ज्या संचालकाने किंवा अधिकाऱ्याने संस्थेचे नुकसान केले त्याच्याकडून, त्याच्या स्वतःच्या खिशातून, भरपाई वसूल करता येते. तत्त्व म्हणून मला हे कलम सर्वांत न्याय्य वाटते. येथे 'पडली' म्हणून सुटका नाही. कोणी पाडली हे नावानिशी ठरवावे लागते आणि दोष नसलेल्या सभासदावर बोजा येत नाही. फक्त चौकशी, अपील, स्थगिती या वाटेने जाता जाता वर्षे लोटतात, तोवर संचालकांची पुढची पिढी निवडणुकीला उभी असते.

उसाच्या बिलाबाबत तर कायदा कमालीचा स्पष्ट आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सांगतो की ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत. उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यावे. तरीही दिले नाहीत तर पुण्याचे साखर आयुक्त महसुली वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, ज्याला सगळे 'आरआरसी' म्हणतात. मग जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे कारखान्याची साखर, मळी, वेळ पडल्यास मालमत्ता जप्त करून शेतकऱ्याचे पैसे चुकते करावयाचे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ही रास्त व किफायतशीर दराची रक्कम दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती, तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविला. इतके सगळे असताना बिले थकतात कशी?

त्याचे एक उत्तर त्या १९६६ च्या आदेशातच आहे. चौदा दिवसांच्या नियमाआधी काही शब्द आहेत: उभय पक्षांत याविरुद्ध लेखी करार नसेल तर. आमच्या वडिलांनी एका कारखान्याकडे उसाची नोंद केली तेव्हा एका छापील कागदावर सही केली होती. कागद दोन्ही बाजूंनी बारीक टाइपाने भरलेला. त्यात काय लिहिले आहे ते नोंद करणाऱ्या कारकुनाने वाचून दाखविले नाही आणि वडिलांनी विचारले नाही, कारण मागे रांग होती आणि तोड वेळेवर मिळणे अधिक महत्त्वाचे होते. उशिरा तोड आली तर ऊस वाळतो, वजन घटते. अशा वेळी कोण शेतकरी अटी वाचीत बसेल? करार दोघांच्या मर्जीने होतो असे कायदा मानतो. ज्याचा माल शेतात वाळतो आहे त्याची मर्जी कितीशी असते, हे मात्र कायद्याने पाहावयास हवे. त्या हंगामाचे बिल आम्हांला चौदा दिवसांत मिळाले नाही आणि चौदा आठवड्यांतही मिळाले नाही. गावात सगळे म्हणत, 'बिल अडकलंय.' कोणी अडकवले, असे कोणी म्हणत नव्हते.

येथे थोडे विषयांतर करतो. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते. त्यातून शाळांना बाके मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते, हे चांगलेच आहे. पण गावोगावी याचा एक विचित्र परिणाम दिसतो. ज्याच्या नावाची पाटी बाकावर आहे त्याच्याविरुद्ध ग्रामसभेत बोलायला लोक कचरतात. उपकार आणि उत्तरदायित्व ही दोन निराळी खाती आहेत; एकातली जमा दुसऱ्यात दाखविता येत नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांशी मी यावर बोललो तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, बाक तरी मिळू दे आधी." त्यांचेही खरे आहे.

मुद्द्यावर येतो. उसाचे पैसे मागण्याची रीत काय, हे मी गेल्या उन्हाळ्यात शोधून काढले. ती अवघड नाही, फक्त कोणी सांगत नाही. प्रत्येक खेपेची वजनपावती जपून ठेवावी. गाडीवानाजवळच राहिली असेल तर मागून घ्यावी. पावत्यांवरून एकूण वजन आणि खेपांच्या तारखा एका कागदावर उतरवाव्यात. जाहीर झालेला दर लावून येणे रक्कम काढावी. प्रत्येक खेपेच्या तारखेपासून पंधरावा दिवस धरून तेथून पंधरा टक्के व्याज आकारावे. नोंदीच्या वेळी सही केलेल्या कराराची प्रत कारखान्याकडे लेखी मागावी, कारण तो कागद आपल्याजवळ नसतो आणि सगळे त्यावरच अडते. मग प्रादेशिक साखर सहसंचालकांच्या सोलापूरच्या कार्यालयात अर्ज द्यावा, एक प्रत साखर आयुक्तांना पाठवावी, दोन्हींची पोच घ्यावी. व्याजाची मागणी अर्जात स्वतंत्र ओळ घालून करावी. मुद्दल मिळाले की शेतकरी सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि व्याज न मागणाऱ्याला ते आपण होऊन कोणी आणून देत नाही.

वडिलांचा अर्ज मीच लिहिला. पहिल्या मसुद्यात त्यांनी सांगितल्याप्रमाणे 'आमचे बिल थकले आहे' असे लिहिले होते. ते खोडून 'कारखान्याने आमचे बिल थकविले आहे' असे केले. वडील थोडे बिचकले. पुढच्या हंगामात तोड मिळेल ना, एवढेच त्यांनी विचारले. याचे उत्तर मला कोणत्याही कायद्यात सापडले नाही. सही मात्र त्यांनी केली, आणि शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी तसाच अर्ज आपल्यासाठीही लिहून मागितला.